नखाएवढा फरक

धाकटी भिंगरी आपल्या गाण्यांची तबकडी घेऊन येणार म्हटल्यावर ती कुठे ऐकायची यावरून घरात तासभर खल झाला. तिच्या थोरल्या भावाचं म्हणणं, वर बैठकीच्या खोलीत ऐकू, तिथे धड खुर्च्या तरी आहेत. सूनबाई म्हणाली, खुर्च्या धड आहेत पण तिथला पंखा गिटारपेक्षा मोठ्यानं वाजतो. शेवटी ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्या दादांनी, म्हणजे दोघांच्या वडिलांनी, खालून हाक मारून सांगितलं, "कारखान्यात ऐकायची. इथे लाकूड आहे, आवाज कळेल." दादा बोलले की विषय संपला, हा घरातला जुना शिरस्ता. थोरल्यानं मुकाट्यानं रेकॉर्डप्लेअर उचलला आणि खाली नेला.

आत्यानं मात्र सकाळपासून एकाही गिटारला हात लावला नव्हता. ती दादांची धाकटी बहीण, आणि चौतीस वर्षं या कारखान्यातल्या प्रत्येक गिटारला पॉलिश करत आलेली. लाख, स्पिरिट आणि कापसाचा बोळा, एवढ्यावर तिचा जन्म गेला. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, लाख वाळायची वाट बघतेय. तिला विनोद सुचत नाही असं क्वचितच व्हायचं. आज सुचत नव्हता.

कारण भिंगरीनं आठवड्यापूर्वी फोन केला होता.

"आत्या, कव्हरवर बाबांचं नाव घातलंय. गिटार घडवली कुणी, तिथे."

"अगं बाई, कशाला? सुखाचा जीव दुःखात घालतेस?"

"त्यांनीच घडवली ना?"

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर तबकडी निघणार नाही. छापणाऱ्यांना सोमवारी कळवायचंय. सहाशे प्रती माझ्या होकारासाठी थांबल्यात."

"नाव गाळ आणि काढ की. कोण विचारतंय?"

"नाही आत्या. आठ वर्षं चोरीच्या मालासारखी वाजवली. आता नाही. ते ऐकतील, हो म्हणतील, तरच."

भिंगरी म्हणजे दादांची धाकटी लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि मोठेपणी गळा आणि गिटार घेऊन गावोगाव फिरायला लागली तेव्हा तर ते पक्कंच झालं. घरी यायची, जेवायची, वहिनीशी गप्पा मारून जायची, पण कारखान्याच्या पाच पायऱ्या ती घर सोडल्यापासून उतरली नव्हती. बाप-लेकीत भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं. झालं होतं ते असं की ती तेरा वर्षांची असताना दादांनी तिच्या पंजाचं माप घेतलं, "तुझ्या हाताची करतो," म्हणाले, आणि ती गिटार तिला कधी दिलीच नाही. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "लाकूड मिळालं नाही." ज्या घरात लाकूड छताला टेकलेलं असायचं, तिथे पोरीला हे सांगितलं होतं.

खरी गोष्ट दादा आणि आत्या दोघांनाच माहीत होती, आणि त्यातलीही अर्धी एकट्या आत्याला.

गिटार झाली होती. लहान पंजासाठी मान आखूड हवी म्हणून दादांनी पडद्यांच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा छोट्या मापाच्या फर्म्यानं आखल्या. पण घोडी, म्हणजे पोटावरची जी पट्टी तारांना खालून धरून ठेवते ती, बसवताना हात सवयीनं मोठ्या फर्म्याकडे गेला. दोन्ही फर्मे एकाच खिळ्याला टांगलेले असत. घोडी अंगठ्याच्या नखाएवढी लांब बसली. तारा चढवल्यावर दादांनी पहिला सूर वाजवला, बारावा वाजवला, आणि गिटार खाली ठेवली. मानेवर जसजसं वर जावं तसतसा सूर उतरत होता. थोडासाच, पण खोटा तो खोटा.

घोडी सोडवून पुन्हा चिकटवता आली असती. पण दादांच्या वडिलांपासून घराचा एक नेम होता : नव्या वाद्याला सरस एकदाच. चुकलं तर उकलायचं नाही, ज्यानं केलं त्यानंच आपल्या हातानं करवतीखाली घालायचं. दादांनी तरुणपणी अशा चार कापल्या होत्या. ही पाचवी त्यांच्यानं कापवेना. ते बहिणीला म्हणाले, "तू काप," आणि तीन दिवस कारखान्यात उतरले नाहीत. आत्यानं एका जुन्या तडकलेल्या गिटारीचे तुकडे करून पोतं भरलं, पोरीची गिटार पॉलिशच्या खोलीत कपाटामागे उभी केली, आणि पोरगी एकोणिसाव्या वर्षी घर सोडून निघाली तेव्हा तिच्या खांद्याला अडकवून दिली. "तुझ्यासाठीच केलेली आहे. जरा बिघडली आहे. घरी वाजवू नकोस."

आता तीच गिटार सहाशे प्रतींवर वाजणार होती, आणि दादांचे कान अजून शाबूत होते.

भिंगरी तीनला आली. पाठीवर गिटारीची पेटी, हातात चौकोनी पाकीट. पाचही पायऱ्या उतरताना तिनं कठड्याला धरलं होतं. दादांनी स्टूल पुढे सरकवलं आणि "दमलीस का" एवढंच म्हणाले. तिनं पेटी दाराशी टेकवली. आत्यानं त्या पेटीकडे एकदा पाहिलं आणि नंतर तिकडे न बघण्याचा चंग बांधला.

"म्हणजे हे नक्की काय आहे?" थोरल्यानं पाकीट उलटसुलट करत विचारलं. पाकीट कोरं होतं, नमुन्याचं. "सोल म्युझिक की जॅझ?"

"दोन्ही."

"असं कसं दोन्ही?"

"तुझी बायको गणित शिकवते आणि स्वयंपाकही करते ना, तसं."

"मी स्वयंपाक करते ही अफवा आहे," सूनबाई म्हणाली, आणि सगळे हसले. आत्याही हसली, पण जरा उशिरा.

सुई टेकली.

आधी एकटा डबल बास आला, सावकाश, जिन्यावरून कुणी जड पायानं उतरावं तसा. मग ड्रमवर ब्रशची सळसळ. मग गिटार. आत्यानं डोळे मिटून घेतले, कारण दादा तिच्या अगदी समोर बसले होते. पहिला सूर खालच्या पडद्यावरचा, तो सरळच होता. दुसरा, तिसरा. चौथा वरचा होता. तो जरा खाली उमटला आणि उमटता उमटता वर चढून जागेवर बसला. आत्यानं डोळे उघडले. दादांच्या हातातला कप बशीवर टेकला होता आणि ते रेकॉर्डप्लेअरकडे नाही, आपल्या तळहाताकडे बघत होते.

त्यांनी ओळखली होती, यात आत्याला तिळमात्र शंका उरली नाही. आणि तरीही त्यानंतर तिला भीती वाटायची राहून गेली, कारण भिंगरी गायला लागली.

हा आवाज घरातला होता आणि घरात कुणी कधी ऐकला नव्हता. न्हाणीघरात गुणगुणणारी, खरकटी भांडी आपटणारी पोरगी ती हीच, हे पटत होतं आणि पटत नव्हतं. आवाज भारी, कडेला किंचित फाटलेला, आणि घाई म्हणून कशाची नाही. गिटारचा सूर खालून वर यायचा तसाच गळाही खालून यायचा. कधी दोघं बरोबर पोचायची. कधी गळा आधी पोचून दारात उभा असायचा आणि गिटार मागून दमत यायची. तिसरं गाणं एका गळक्या नळावर होतं. चौथ्यात एक घर होतं जिथे माफी कुणी मागत नाही, नुसतं "जेवलीस का" विचारतात. त्या ओळीला सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्यानं छताकडे.

पहिली बाजू संपली.

"आवाज," थोरला म्हणाला, आणि पाकीट खाली ठेवून पुन्हा म्हणाला, "आवाज फार छान लागलाय. खरंच. पण गिटार उतरलीय गं. वरच्या पडद्यांवर सगळीकडे. तू ओढून ओढून घेतेस ते कळतं मला. कुणाची गिटार आहे?"

भिंगरी दादांकडे बघत म्हणाली, "बाबांची."

"आपल्याकडची? शक्य नाही. तिच्यावरचा नंबर काय आहे?"

"नंबर नाही."

आता थोरल्याला कळलं. तो चौदा वर्षांपूर्वी पंचवीसचा होता आणि बहिणीच्या पंजाचं माप त्यानंच कागदावर उतरवून घेतलं होतं. त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या उभी राहिली, कारण बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"दादा, मी कापली नाही."

"तुकडे दाखवलेस मला."

"ते तडकलेल्या जुन्या गिटारीचे होते."

"पोतंभर होते."

"हो. तू पोत्याचं तोंड उघडून बघितलं नाहीस. मला वाटलं, बघशील. दोन दिवस मी त्याच धास्तीत होते."

दादांनी कप बशीसकट बाजूला सरकवला. त्यांचा राग आत्याला ठाऊक होता, तो बोलका असायचा. हे तिला नवीन होतं. चौतीस वर्षांत तिनं भावाला फसवलं ते एकदाच, आणि ते एकदाच इतकं मोठं निघालं होतं. हा आता आपल्याला पॉलिशच्या खोलीची किल्ली मागतो, असं तिला स्पष्ट वाटलं. किल्ली कंबरेलाच होती. तिचा हात तिथे गेलाही.

थोरला मात्र बोलायला लागला, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. "हे बघ, यात रडण्यासारखं काही नाही. मी घोडी सोडवतो, नखभर अलीकडे घेतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. नेम बिम राहू दे, जुन्या माणसांचा होता तो. तू महिन्यानं पुन्हा रेकॉर्ड कर. नाहीतर मग बाबांचं नाव काढ. कारण उद्या जो कुणी कानाचा पक्का माणूस हे ऐकेल आणि कव्हरवर बाबांचं नाव वाचेल, तो काय म्हणेल? तीन पिढ्यांत एक खोटं वाद्य बाहेर गेलं नाही आपलं."

"घोडी हलवली तर मला वाजवता येणार नाही," भिंगरी भावाला म्हणाली. "मला दुसरी गिटार येतच नाही. चांगल्या गिटारीवर बोट ठेवलं की सूर आधीच तिथे असतो. मला करायला काही उरत नाही."

"म्हणजे आम्ही आयुष्यभर केलं ते निरुपयोगी?"

"असं कोण म्हणालं?"

"तसंच झालं ते."

"आता पुरे," सूनबाई म्हणाली. थट्टा सोडली तर ती बहुतेक वेळा नवऱ्याची री ओढायची, निदान सगळ्यांसमोर तरी, त्यामुळे थोरला चमकून तिच्याकडे बघायला लागला. "भांडायचंय ना, मग पूर्ण ऐकून भांडा. अर्ध्या ताटावरून उठून स्वयंपाकाला नावं ठेवायची नसतात. आणि तुला एक सांगू? मी गणिताची बाई. चूक दिसली की माझ्या हातात लाल पेन येतं, झोपेतसुद्धा येतं. आत्ता वीस मिनिटं बसले होते, आलं नाही."

"तुला सुरातलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगते."

तिनं उठून तबकडी उलटली.

दुसऱ्या बाजूबद्दल आत्या पुढे कित्येक वर्षं कुणाकुणाला सांगायची, आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबून म्हणायची, नाही, तसं नव्हतं ते. तिला शब्द सापडत नसत. पहिल्या गाण्याला कारखान्यातल्या भिंतीवर टांगलेल्या, अजून पॉलिश न झालेल्या सात गिटारी बारीक आवाजात झणझणायला लागल्या. हे रोजचंच होतं, कुणी मोठ्यानं शिंकलं तरी त्या झणझणायच्या. पण आज सगळ्यांनी माना वर केल्या. थोरल्याचा पाय ठेका धरून हलत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या गाण्यात शब्दच नव्हते. भिंगरी नुसती एका सुरापाशी जायची, त्याच्या खाली थांबायची आणि मग दोन्ही हातांनी उचलल्यासारखा तो वर घ्यायची, पुन्हा आणि पुन्हा, आणि दर वेळी वाटायचं आता नाही पोचणार. दर वेळी पोचायची. सूनबाई उघडपणे रडत होती. आत्याला आपण इतकी वर्षं या घरात नक्की काय बनवत होतो हे जणू आज पहिल्यांदा कुणी उलगडून दाखवलं. लाकूड घासणं, लाख चढवणं, हे सगळं या इथे येण्यासाठी होतं, आणि भिंगरी ज्या गिटारीनं इथे पोचली तिला तर लाखेचा थेंबही लागला नव्हता. आत्याला मनापासून हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते नीट कळलं नाही.

शेवटचं गाणं फक्त गळा आणि गिटार. बास गेला, ब्रश गेले. ते संपलं तेव्हा तबकडी रिकामी फिरत राहिली आणि ती थांबवायला कुणी उठलं नाही.

दादा उठले. ते दाराशी गेले, पेटी उचलली, कामाच्या टेबलावर आडवी ठेवून कड्या उघडल्या. गिटार बाहेर काढून त्यांनी आधी घोडीपाशी अंगठा लावून पाहिला. फरक अंगठ्याच्या नखाएवढाच होता. मग त्यांनी खिडकीकडे मान करून ती उजेडात धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला. बारीक बघायचं असलं की ते चष्मा काढत.

"इकडे ये," ते म्हणाले. भिंगरी जवळ गेली. "हे काय आहे?"

पडद्यांच्या मधलं लाकूड झिजलेलं होतं. झिजतं ते तारेखाली, तारेच्या रेषेत. इथे ते आडवं झिजलं होतं. दोन पडद्यांमधल्या प्रत्येक घरात तारेपासून वरच्या अंगाला एक उथळ खळगा, पाचव्या पडद्यापाशी लहान, सातव्यापाशी मोठा, बाराव्यापाशी बोटाचं पेर मावेल एवढा.

"तार ढकलून ढकलून झालंय ते," भिंगरी म्हणाली.

"प्रत्येक सूर?"

"वरचे सगळे. जितका उतरतो तितका ढकलायचा. प्रत्येक पडद्याचं वेगळं आहे. आता हाताला पाठ झालंय."

"दुखत नाही?"

"पहिली दोन वर्षं दुखलं."

दादा खळग्यांवरून नख फिरवत वर गेले आणि खाली आले. वाद्य बघून वाजवणाऱ्याचा स्वभाव सांगणारा माणूस तो. दुरुस्तीला आलेली गिटार हातात घेऊन म्हणायचा, हा उतावीळ आहे, हिचा डावा खांदा दुखतो. आत्ता त्यांना पोरीची आठ वर्षं बोटाखाली लागत होती, एकेक दिवस.

"मी चुकलो म्हणून तुला दिली नाही," ते म्हणाले. "दुसरी करायला घेतली. दोनदा घेतली. मोठा फर्मा हातात आला की भीती वाटायची, पुन्हा तेच करीन. लाकूड होतं. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे बाबा."

"माझ्या चुकीचं तू हे केलंस. मला हे करता आलं नसतं. माझ्या बापाला आलं नसतं." मग त्यांनी मान वर करून थोरल्याकडे पाहिलं. "घोडीला हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच."

थोरल्यानं मान डोलावली.

"आणि कव्हर?" भिंगरीनं विचारलं. "उद्या कळवायचंय. तुमचं नाव राहू दे ना?"

"नको."

तिचा चेहरा उतरला. आत्याला वाटलं, आता आपणच मध्ये पडावं, पण काय म्हणून पडणार.

"एकट्याचं नको," दादा म्हणाले. "पूर्ण मी केली नाही. निम्मी माझी, निम्मी तुझी. दोघांची नावं घाल. तुझं आधी."

"मग आत्याचंही पाहिजे."

"तिचं कशाला? तिनं काय केलं?" दादा बहिणीकडे वळले, आणि चौदा वर्षांनी त्यांनी तिला जाब विचारला तो या शब्दांत. "तिला कापायला सांगितली होती. तिनं कापली नाही. म्हणजे सांगितलेलं कामच केलं नाही. काय लिहिणार आहेस? हिनं कापली नाही, म्हणून?"

"हो," भिंगरी म्हणाली. "तसंच लिहिणार."

दादांनी थोडा विचार केला. सरस वाळलाय की नाही हे बघताना करायचे तसा, घाई न करता.

"लिही," ते म्हणाले. "खरंच आहे ते."

आणि म्हणून त्या सहाशे प्रतींच्या मागच्या बाजूला, गिटार घडवणाऱ्या दोन नावांच्या खाली, तिसरी ओळ आहे : आत्या, जिनं कापली नाही. लोक अजून विचारतात, याचा अर्थ काय. थोरला त्यांना स्टूल पुढे करतो आणि म्हणतो, बसा, जरा वेळ लागेल.